फायर डॅम्परची तपासणी आणि कागदपत्रं: आमच्या रुग्णालयाने घेतलेल्या सेवेचा दीड वर्षाचा अनुभव

कोल्हापुरातल्या 110 खाटांच्या एका रुग्णालयाचा देखभाल विभाग मी गेली नऊ वर्षं सांभाळते. लिफ्ट, जनरेटर, ऑक्सिजनची लाइन, एसी प्लँट, फायर पंप, सगळं माझ्याकडे. जानेवारी 2024 ते जुलै 2025 या काळात आम्ही एका लायसन्स्ड एजन्सीकडून फायर डॅम्परची तपासणी आणि त्याची कागदपत्रं करून घेतली. चार फेऱ्या झाल्या. त्या सेवेबद्दल हे लिहिते आहे. पुरवठादारांची नावं बाहेर लिहायची नाहीत असा आमच्या संस्थेचा नियम आहे, त्यामुळे आधीच्या एजन्सीचंही नाव देत नाही आणि आत्ताच्याही नाही. पण त्यांनी काय केलं आणि काय केलं नाही, ते सगळं सांगते. तुम्ही रुग्णालय, हॉटेल किंवा मोठं ऑफिस सांभाळत असाल तर तुमच्या एजन्सीला हेच प्रश्न विचारता येतील.

ज्यांना डॅम्पर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एसीचा डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारा पत्र्याचा बोगदा, एका खोलीतून दुसरीकडे जाताना भिंत फोडून जातो. ती भिंत दोन तास आग अडवणारी असली तरी डक्टच्या जागी तिला भोकच पडलेलं असतं. त्या भोकात, भिंतीच्या जाडीत, एक पोलादी चौकट बसवतात आणि तिच्यात पट्ट्या असतात, खिडकीच्या झडपेसारख्या. एरवी पट्ट्या उघड्या, हवा वाहते. आग लागली की पट्ट्या मिटायच्या. साध्या डॅम्परमध्ये साधारण 72 अंशांना वितळणारा जोड असतो. तो वितळला की स्प्रिंग पट्ट्या ओढून बंद करते. आमच्याकडे मोटरवाले आहेत. मोटर वीज असेपर्यंत स्प्रिंगच्या विरुद्ध पट्ट्या उघड्या धरून ठेवते. फायर पॅनलने, म्हणजे आगीचे डिटेक्टर जोडलेल्या नियंत्रण पेटीने, इशारा दिला किंवा वीज गेली की मोटर सोडून देते आणि स्प्रिंग काम करते. म्हणजे यंत्रणा मेली तरी डॅम्पर बंदच व्हायला हवा, अशी ती रचना आहे.

रुग्णालयात याला फार मोल आहे, कारण आमची माणसं पळू शकत नाहीत. 9 डिसेंबर 2011 ला कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात आग तळघरात लागली होती. नव्वदच्या आसपास माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक वरच्या मजल्यांवर झोपलेले रुग्ण होते, धुराने गुदमरलेले. आपल्याकडे 2021 मध्ये जानेवारीत भंडारा, एप्रिलमध्ये विरार, नोव्हेंबरमध्ये अहमदनगर. त्या वर्षी आमच्या आयसीयूतल्या सिस्टर रात्रपाळीला आल्या की मला फोन करून विचारायच्या, "मॅडम, आपलं सगळं ठीक आहे ना?" मी "हो" म्हणायचे. माझ्याकडे फॉर्म ‘बी’ होता.

फॉर्म ‘बी’ म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 खालचं प्रमाणपत्र. इमारतीतली अग्निसुरक्षेची यंत्रणा सुस्थितीत आणि चालू आहे, असं लायसन्स्ड एजन्सीने लिहून द्यायचं आणि मालकाने किंवा भोगवटादाराने ते वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाला द्यायचं. यंत्रणा पहिल्यांदा बसवल्यावर द्यायचा तो फॉर्म ‘ए’, त्यानंतर दर सहा महिन्यांनी ‘बी’. प्रमाणपत्र एजन्सी देते, पण यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाकडून हलत नाही. हे मला कायदा वाचून माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र 2024 च्या जानेवारीत कळला.

आधीच्या एजन्सीने आम्हाला तीन वर्षांत सहा फॉर्म दिले. सहाही वेळा जोडपत्रात एकच ओळ: "फायर डॅम्पर, 58 नग, सुस्थितीत." दोन माणसं यायची, पंप चालवायची, होज रील ओढून बघायची, सिलिंडरचे काटे पाहायची, दुपारी जेवून निघून जायची. एकदाही त्यांनी शिडी मागितली नाही. एकदाही एएचयू, म्हणजे डक्टमध्ये हवा ढकलणारं एसीचं पंख्याचं यंत्र, बंद करायला सांगितलं नाही. आता माझ्या लक्षात येतं की हे दोन प्रश्न कोणी विचारले नाहीत तर डॅम्पर तपासलेलेच नाहीत, दुसरा काही पुरावा लागत नाही. डॅम्पर बहुतेक फॉल्स सीलिंगच्या वर असतात, शिडीशिवाय दिसत नाहीत. आणि पंखा चालू असताना पट्ट्या मिटवल्या तर डक्टमध्ये दाब चढतो, म्हणून आधी एएचयू थांबवायचा आणि मग डॅम्पर बंद करायचा असा क्रम असतो. मी त्या सहाही भेटींच्या रजिस्टरवर "काम पूर्ण" म्हणून सही केलेली आहे. ती रजिस्टरं मी जपून ठेवली आहेत.

नव्या एजन्सीने कोटेशन देण्याआधी माझ्याकडे तीन गोष्टी मागितल्या: ॲज-बिल्ट ड्रॉइंग (प्रत्यक्ष जसं बांधलं तसा नकाशा), डॅम्पर पुरवणाऱ्याचे टेस्ट सर्टिफिकेट आणि फायर पॅनलचं कॉज अँड इफेक्ट शीट, म्हणजे कुठला डिटेक्टर वाजला की काय काय बंद व्हायचं त्याचा तक्ता. तिसरी गोष्ट आमच्याकडे नव्हतीच. त्यांनी सांगितलं, "मॅडम, मग तो तक्ता आधी बनवावा लागेल, त्याशिवाय काय तपासायचं ते आम्हालाच कळणार नाही." तिथेच मला हे लोक कामाचे वाटले. दर मात्र आधीच्यांच्या सव्वातीन पट होता. आमच्या प्रशासकांना तो पटवायला मला तीन आठवडे लागले.

पहिली फेरी पाच रात्री चालली. रात्री दहानंतर, ओपीडी रिकामी झाल्यावर. एक सुपरवायझर, दोन तंत्रज्ञ, आमच्याकडून मी आणि प्लँटवरचे काका. वॉर्डात शिडी लावायच्या आधी मावशी खाटा सरकवून प्लॅस्टिक अंथरायच्या. ऑपरेशन थिएटरची बाजू फक्त रविवारी संध्याकाळी घेतली आणि सोमवारी पहिल्या केसच्या आत पूर्ण साफसफाई करून दिली. एजन्सीने त्यासाठी आमच्या इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरशी आधी बसून वेळापत्रक ठरवलं. यासाठी त्यांना वेगळे गुण द्यायला हवेत.

त्यांची पद्धत अशी. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक डॅम्परला नंबर, मजला आणि क्रमांक. तोच नंबर प्रत्यक्ष डॅम्परच्या चौकटीवर पत्र्याच्या बिल्ल्यावर, आणि खाली सीलिंगच्या टाइलवर छोटा लाल ठिपका, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको. मग पट्ट्या उघड्या असतानाचा फोटो, बिल्ला दिसेल असा. पॅनलवरून इशारा. घड्याळ लावून किती सेकंदांत बंद झाला त्याची नोंद. बंद असतानाचा फोटो. पॅनलवर ‘बंद’ असं दिसलं का, त्याची नोंद. परत उघडून तिसरा फोटो, कारण तपासून बंदच सोडून गेलं तर सकाळी वॉर्डात हवा नसते.

58 पैकी 54 डॅम्पर सापडले. तीन ड्रॉइंगवर होते, जागेवर नव्हते. एकाच्या खाली कोणीतरी जिप्समचं पक्कं छत ठोकलं होतं, तिथे पोचायला वाटच नव्हती. सापडलेल्या 54 पैकी 41 नीट बंद झाले. तेरा झाले नाहीत, किंवा झाले की नाही ते सांगता येईना. सहांमध्ये मोटर बिघडलेली. चारांमध्ये लिमिट स्विच, म्हणजे पट्ट्या मिटल्या की नाही ते पॅनलला कळवणारं बटण, खोटं बोलत होता. त्यातल्या एकात पॅनलवर ‘बंद’ आणि वर बघितलं तर पट्ट्या अर्ध्या उघड्या. दोनांमध्ये पट्ट्यांना अडथळा: एकात डक्ट जोडताना मारलेला स्क्रू आत आलेला, दुसऱ्यात इन्सुलेशनचा लोंबता तुकडा.

आणि एक तिसऱ्या मजल्यावरचा, एफडी 3-07. ऑपरेशन थिएटरच्या शेजारच्या टेक्निकल कॉरिडॉरमध्ये. तंत्रज्ञाने डक्टचं छोटं दार उघडून टॉर्च मारला आणि काही बोललाच नाही. मला वर बोलावलं. मी शिडीवर चढून पाहिलं. मोटर काढून टाकलेली होती, तिचा दांडा नुसता उघडा होता, आणि पट्ट्यांचा जोडदांडा बाइंडिंग वायरने चौकटीला बांधलेला. तीन वेढे, पिळून घट्ट केलेले, टोकं व्यवस्थित आत वळवलेली. तारेवर गंज चढला होता, म्हणजे काल-परवाचं काम नव्हतं. कोणी केलं असेल याचा अंदाज आम्हाला होता. काही वर्षांपूर्वी पॅनलचे खोटे इशारे येऊन ऑपरेशन चालू असतानाच हवा बंद पडायची, त्या त्रासातून कोणीतरी आपल्या परीने उपाय केला असणार. त्या माणसाला मी दोष देत नाही, त्याला रुग्णाची काळजी होती. पण त्यानंतर सहा वेळा "58 नग, सुस्थितीत" असं लिहून आलं, आणि त्या प्रत्येक दिवशी त्या भिंतीच्या एका बाजूला स्टोअर होतं आणि दुसऱ्या बाजूला टेबलावर भूल दिलेलं माणूस. काकांनी पक्कड मागितली. सुपरवायझर म्हणाले, "थांबा काका, आधी फोटो." तो फोटो अहवालात पान 61 वर आहे.

आता कागदपत्रांबद्दल, कारण आम्ही पैसे मुख्यतः त्याच्यासाठी मोजले.

आमच्या फाइलमध्ये पुरवठादाराचं यूएल 555 चं, म्हणजे फायर डॅम्परच्या अमेरिकी मानकाचं, सर्टिफिकेट होतं, झेरॉक्सची झेरॉक्स. मी ते बघून समाधान मानत आले होते. या लोकांनी सर्टिफिकेटवरचा मॉडेल नंबर आणि डॅम्परच्या नेमप्लेटवरचा नंबर शेजारी शेजारी मांडले. जुन्या इमारतीत ते जुळले. यूएलचं लेबल प्रत्येक नगावर असावं लागतं, ते होतं. नव्या विंगमधले चौदा डॅम्पर मात्र युरोपीय पद्धतीचे निघाले, ईएन 15650 या युरोपीय मानकाचं लेबल असलेले, आणि त्यांना ते यूएलचं सर्टिफिकेट लावून ठेवलं होतं! दोन्ही पद्धती आपापल्या जागी चांगल्या आहेत, पण एकीचा कागद दुसरीला चालत नाही, कारण दोन्हींत मोजतात ते वेगळं. यूएल 555 मध्ये पलीकडची बाजू किती तापली याला मर्यादा नसते. युरोपीय वर्गीकरणात ‘ई’ म्हणजे ज्वाळा अडवणं, ‘आय’ म्हणजे उष्णता अडवणं, ‘एस’ म्हणजे धुराची गळती ठरलेल्या मर्यादेत, आणि पुढे मिनिटं. कंसात ‘व्हीई’ असेल तर उभ्या भिंतीत बसवून चाचणी झालेली आहे, ‘एचओ’ असेल तर आडव्या स्लॅबमध्ये.

एजन्सीने मूळ कंपनीकडून त्या चौदा नगांची परफॉर्मन्सची घोषणापत्रं मागवली. त्यात बारा ठीक. दोन डॅम्पर स्लॅबमध्ये बसवलेले होते आणि त्यांच्या कागदावर फक्त ‘व्हीई’. म्हणजे वस्तू चांगली, कागद खरा, पण आमच्या जागी तो कागद लागू नाही. अहवालात तेच लिहिलं: "चाचणीचा पुरावा या मांडणीला लागू होत नाही." मला हे वाक्य वाचून आधी राग आला, कारण दोन्ही डॅम्पर बटण दाबलं की सुरेख बंद होत होते. पण स्लॅबमधल्या डॅम्परवर आगीचा मारा खालून होतो आणि पट्ट्यांचं वजन वेगळ्या दिशेने पडतं. भिंतीतल्या चाचणीवरून तिथलं अनुमान काढता येत नाही. ते दोन्ही बदलले. सहा महिने लागले.

जानेवारी 2024 संपत आला तेव्हा प्रशासनाला फॉर्म हवा होता. एजन्सीने तो दिला नाही. "तेरा बंद होत नाहीत, तीन नाहीतच, मी सुस्थितीत कसं लिहू?" असं सुपरवायझरांनी आमच्या साहेबांना समोरासमोर सांगितलं. त्या बैठकीत बरीच बोलाचाली झाली. शेवटी आम्ही त्रुटींची यादी आणि दुरुस्तीच्या तारखा अग्निशमन विभागाला स्वतःहून लेखी कळवल्या, मोटरी बदलल्या, ती बाइंडिंग वायर कापून नवा ॲक्च्युएटर, म्हणजे पट्ट्या हलवणारी मोटर, बसवला, आणि फॉर्म मार्चमध्ये हातात आला. जी एजन्सी तारखेच्या दबावाखाली सही करत नाही, तिचीच सही कामाची. मी त्यांना ठेवलं ते या एका कारणासाठी.

जे डॅम्पर जागेवर नव्हते त्यांपैकी दोन नवीन बसवले. तिसऱ्याच्या जागची भिंतच आयसीयू वाढवताना पाडली होती, तिथे आता गरज नाही. ते ड्रॉइंगवर दुरुस्त केलं. जिप्समच्या छताला दार पाडलं, तो डॅम्पर आत ठणठणीत होता. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 च्या चौथ्या भागात स्पष्ट आहे की डॅम्परपाशी देखभालीला, चाचणीला आणि लागल्यास बदलायला पोचता आलं पाहिजे. छत ठोकणाऱ्या इंटिरिअरवाल्याला ते कोणी सांगितलं नव्हतं. आता आमच्याकडे कुठलंही सीलिंगचं काम निघालं की लाल ठिपक्यांचं ड्रॉइंग वर्क ऑर्डरला जोडून जातं.

आता तक्रारी. पहिली मोठी: चौकट आणि भिंत यांच्या मधली फट त्यांच्या कामाच्या व्याप्तीत नव्हती. अकरा ठिकाणी त्या फटीत साधा पिवळा फोम भरलेला होता, एका ठिकाणी सिमेंटच्या पोत्याचा कागद. डॅम्पर कितीही झटपट बंद झाला तरी धूर त्याच्या कडेने जाणारच. त्यांनी फोटो काढले, शेरा लिहिला आणि "हे फायरस्टॉपिंगवाल्यांचं काम", म्हणजे भिंतीतल्या फटी आगरोधक भरणाने बुजवणाऱ्यांचं, म्हणून हात झटकले. मला हे पटलेलं नाही. डॅम्परची चाचणीच मुळी भिंत आणि भरणासह होते, मग तपासणीत ते वेगळं कसं काढता? आम्हाला दुसरा कंत्राटदार शोधून, ठरलेल्या सीलंटने ते भरून घ्यावं लागलं, आणि त्याची कागदपत्रं आता वेगळ्या फाइलमध्ये आहेत. कोटेशन घेताना हे आधीच विचारा.

दुसरी: अहवाल उशिरा. पहिल्या फेरीनंतर 18 दिवसांनी आला, पुढच्या दोन फेऱ्यांनंतरही पंधरवडा गेला. बंद न होणाऱ्या डॅम्परची यादी तरी त्याच रात्री हाताने लिहून द्या, असं मी सांगितलं. ते तिसऱ्या फेरीपासून देऊ लागले. अहवाल संपूर्ण इंग्रजीत, 140 पानांचा. रात्रपाळीला माझे जे लोक असतात त्यांना तो वाचता येत नाही. मी हट्टाने मजलानिहाय एकपानी मराठी तक्ता मागितला: नंबर, जागा, कुठल्या दारातून पोचायचं, शेवटची तारीख, निकाल. आता तो तक्ता प्रत्येक मजल्याच्या इलेक्ट्रिकल रूममध्ये लॅमिनेट करून लावला आहे आणि काका तोच वापरतात.

तिसरी किरकोळ: डक्टला तपासणीची छोटी दारं पाडायचे पैसे वेगळे लावले, हे कोटेशनमध्ये तळटिपेत होतं. माझ्याही नजरेतून सुटलं.

वारंवारतेबद्दल विचारणारे बरेच असतात. अमेरिकेच्या एनएफपीए 80 या मानकात बसवल्यानंतर एका वर्षाने पहिली चाचणी, मग दर चार वर्षांनी, आणि रुग्णालयांना दर सहा वर्षांनी असं आहे. आमच्या एका सल्लागारांनी तेच पुढे करून "दर सहा महिन्यांनी कशाला?" विचारलं. पण आपल्याकडे सहा महिन्यांनी आपण लिहून देतो की हे चालू आहे. लिहून द्यायचं तर बघून द्यायचं. आम्ही मध्यम मार्ग काढला: जानेवारीत आणि जुलैत पॅनलवरून सगळे डॅम्पर बंद-उघड आणि त्याची छापील नोंद, प्रत्येकापाशी शिडी लावून, दार उघडून, फोटोसह तपासणी वर्षातून एकदा, जानेवारीत. आयसीयू, थिएटर आणि नवजात कक्षाच्या भिंतींवरचे मात्र दोन्ही वेळा डोळ्यांनी.

माझं एकूण मत: पाचपैकी चार. एक गुण फटींच्या कामाचा कापला. उशिराचा कापणार होते, पण जुलैत अहवाल सहाव्या दिवशी आला.

जुलै 2025 च्या फेरीत 57 पैकी 56 बंद झाले. नवजात कक्षाच्या बाहेरचा एफडी 2-11 झाला नाही. मोटर नुसती घरघरली. अहवालाच्या पहिल्याच पानावर, सगळ्यात वर, लाल अक्षरात तेवढी एकच ओळ होती. नवी मोटर येईपर्यंत त्या कॉरिडॉरमध्ये आम्ही रात्रंदिवस एक माणूस बसवला. मोटर नवव्या दिवशी आली. रात्री 11:40 ला काकांनी खालून पॅनलवरचं बटण दाबलं, मी शिडीवर होते, आणि पट्ट्या चौदा सेकंदांत एकमेकींवर येऊन बसल्या. त्याचा फोटो काढला, परत उघडल्याचाही काढला. फॉर्म ‘बी’ 29 जुलैला आला, आणि या वेळच्या रजिस्टरमध्ये माझ्या सहीच्या वर 57 ओळी आहेत.